उष्ट्या पानावरची रेघ

पेढा मी थुंकला. हे आधीच सांगून टाकते, कारण दुपारपर्यंत ती बातमी शहाद्याच्या आमच्या कॉलेजात गेटवरच्या झेरॉक्सवाल्यापर्यंत पोचली होती आणि प्रत्येक जण ती सांगताना 'बिचारी' हा शब्द कुठेतरी घालत होता. राजेंद्र सर म्हणजे आमचे वनस्पतिशास्त्राचे विभागप्रमुख. मुलाचा मेडिकलला नंबर लागला म्हणून ते सकाळपासून पेढ्यांचा डबा घेऊन फिरत होते. सर पेढा हातात देत नाहीत, भरवतात. रांगेत माझ्याआधी नवनीत होता. त्याच्या तोंडात गेलेली बोटं ओली होऊन बाहेर आली आणि त्याच बोटांनी पुढचा पेढा उचलला. मी 'नको सर' म्हणायला स्कार्फ खाली ओढून तोंड उघडलं आणि त्यांना तेवढंच हवं होतं. पेढा आत आला, पेढ्यामागून अंगठा आला, अंगठ्याचं नख माझ्या दाताला लागलं. खवा जिभेवर बसला. तो विरघळत नाही, नुसता पसरतो. मानेपासून गुडघ्यापर्यंत अंग शहारलं, डोळ्यांपुढे पांढरं झालं आणि मी तो गोळा तळहातावर काढला. आमच्याकडे कुणी भरवलेलं असं तोंडातून काढत नाहीत, मला ठाऊक आहे. ठाऊक असून काढला, कारण नाहीतर सकाळची पोळीसुद्धा बाहेर आली असती. बेसिनकडे पळाले तर दारात परीक्षक मॅडम उभ्या. बाहेरगावाहून आलेल्या, पहिल्यांदाच पाहत होते मी त्यांना. माझ्या तळहातावर नवनीतची, सरांची आणि माझी लाळ एकत्र झाली होती, आणि त्या हाताकडे मॅडम बघत होत्या.

'स्पेशल चाइल्ड आहे मॅडम,' सर मागून म्हणाले. हळू म्हणाले, म्हणजे सगळ्यांना ऐकू गेलं. मी चोवीस वर्षांची आहे. मॅडमचा चेहरा आत्तापर्यंत चांगला होता, कोरडा, थोडा कंटाळलेला, मला आवडेल असा. सरांचं वाक्य ऐकलं आणि तो पाघळला. भुवया वर गेल्या, मान तिरकी झाली, 'असं का, असं का' असं दोनदा झालं. पेढ्याचं एक वेळ चालेल, तोंड धुता येतं. ही जी दया माणसं चेहऱ्यावर आणतात ती कुठे धुवायची? मी नळाखाली हात धरून उभी राहिले. साबणाची वडी मधोमध चिरली होती आणि भेगेत काळं बसलं होतं, म्हणून साबण लावला नाही. आत व्हायवा सुरू झाली. दाराबाहेरून मला सगळं ऐकू येत होतं, मला नेहमीच सगळं ऐकू येतं, ते माझं दुखणंच आहे. मॅडमनी नवनीतला झापलं. 'हे तुम्ही कुठून उतरवलंत?' म्हणाल्या. रुपाला एकच प्रश्न चार प्रकारांनी विचारला. रुपा सातपुड्यातली, अक्राणीकडची, हुशार पण बुजरी, ती डोळे पुसत बाहेर आली. मला तिचा हेवा वाटला. कुणीतरी तिला रडू येईपर्यंत खरं मानलं होतं. माझं नाव शेवटपर्यंत पुकारलं नाही. मग सर बाहेर येऊन म्हणाले, 'भूमिका, तुझं शेतावर घेऊ. नाहीतरी तुमच्याकडेच जेवायला येतोय. झाडं दाखव मॅडमना.' हे ऐकून मी इतकी सुखावले की सरांच्या बोटांचाही मला क्षणभर विसर पडला.

कारण मला तेवढंच हवं होतं, झाडं दाखवायची आणि प्रश्न विचारून घ्यायचे. मागच्या सत्रात मी परीक्षेतून उठून गेले होते. पेपर सोपा होता. पण हॉलमधला पंखा फिरताना दर फेरीला घासत होता, सुपरवायझरबाईंच्या बांगड्या वाजत होत्या, आणि पुढच्या बाकावरच्या मुलीने केसांना आंबूस तेल लावलं होतं. पंखा, बांगड्या, तेल. मी दुसऱ्या प्रश्नाच्या मधोमध पेन खाली ठेवलं आणि कालव्याच्या कडेने आमच्या गावाकडे, कळसाडीकडे चालत सुटले. नाना, माझे वडील, मोटरसायकलवर शोधत आले. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. घरी आल्यावर ओट्यावर बसून आईला म्हणाले, 'आते येक डाव. नही जमनं तं मंग सुरतनं स्थळ पाहसूत.' सुरतेचं स्थळ म्हणजे साडीच्या दुकानावर राहणारं वीस माणसांचं कुटुंब, तिथे दिवसभर टीव्ही चालू असतो आणि येणारा-जाणारा गालाला हात लावतो. मी एकदा जाऊन आले आहे. तिथल्या काकूंनी आपल्या पेल्यातला अर्धा चहा माझ्या पेल्यात ओतला होता, मायेने. ती साय अजून मला आठवते.

निदानही सुरतेलाच झालं, दोन वर्षांपूर्वी. आत्या तिथे राहते, तिने डॉक्टर शोधला. डॉक्टर आईला माझ्या लहानपणाचं विचारत होते आणि आई, शोभाबाई, खाली बघून लाजल्यासारखी सांगत होती की ही कापूस वेचायला हात लावायची नाही, सरकीला चिकटलेला धागा बोटात आला की रडायची, लग्नात पंगतीत बसायची नाही, एकाच रंगाची ताटली लागायची. 'मले वाटे, लाडामुळे बिघडनी,' आई म्हणाली. ऑटिझम हा शब्द ऐकून आई रडली आणि मला हलकं वाटलं. म्हणजे मी नाटकं करत नव्हते. इतकी वर्षं सगळे म्हणत होते, नाटकं करते. शब्द मिळाल्यावर मी कॉलेजात राहायच्या युक्त्या मन लावून शिकले. दाराजवळचा बाक. डब्यात कोरडी पोळी आणि गुळाचा खडा, रोज तेच. डोळ्यांत बघावं लागलं तर भुवयांच्या मध्ये बघायचं, समोरच्याला कळत नाही. आणि स्कार्फ. आमच्याकडे गाडीवर जाणाऱ्या सगळ्याच मुली उन्हाला आणि धुळीला तोंडभर स्कार्फ बांधतात, तसा मी वर्गातही ठेवते. त्याला माझ्या घरच्या साबणाचा वास असतो. माणसांत वावरायला मला एवढंसं कापड पुरतं, पण तेही कुणाला बघवत नाही. 'चेहरा दाखव की जरा,' असं म्हणणारा दिवसाला एक तरी भेटतोच.

आणि झाडं. आमच्या मळ्याच्या विहिरीकडच्या कोपऱ्यात केळीच्या काही झाडांवर पावसाळ्यात हरण्या हा विषाणूचा रोग आला. पानावर पिवळ्या रेघा उमटतात, जास्त झाला तर पोंगा, म्हणजे गुंडाळीतलं नवं पान, सडतो. मावा हा किडा तो विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. शेतकरी अशी झाडं लगेच उपटतात आणि ते बरोबरही आहे. मी नानांच्या हातापाया पडून प्रोजेक्टसाठी ती एवढी राखून घेतली, मावा आत येऊ नये म्हणून भोवती जाळी लावली, माव्याची फवारणी चुकू दिली नाही, प्रत्येक पानाच्या दांड्यापाशी निळ्या मार्करने झाडाचा क्रमांक घातला. ऑक्टोबरच्या उन्हात नवी पानं स्वच्छ आली. नाना म्हणाले, 'पाह्य, बरी व्हई गयीत.' मी म्हटलं, नाही. थंडी पडली की याच झाडांवर रेघा परत येणार. मग रोज सकाळी जाऊन मी पानं उलटीसुलटी करून पाहायची. तिथे कुणी बोलत नव्हतं, कुणी हात लावत नव्हतं. व्हायवाची उत्तरं मी त्या झाडांनाच मोठ्याने सांगायची. गेल्या आठवड्यात गारठा पडला आणि सातव्या झाडाच्या कोवळ्या पानावर पहिली रेघ दिसली, अगदी फिकट. मी तिथेच मातीत बसले. वाटलं, मी काहीतरी आधी सांगितलं आणि ते खरं झालं. आयुष्यात पहिल्यांदाच असं वाटलं. राजेंद्र सरांना सांगितलं तर ते म्हणाले, 'तुझंही असंच ना, वरून नॉर्मल आणि आत प्रॉब्लेम.' मी झाड नाही आणि मला रोगही झालेला नाही. पण हे सरांना कोण समजावणार? ते स्वतःच्याच वाक्यावर खूश होऊन हसत होते.

बाहेरचे परीक्षक आले की त्यांना भरीत-पुरी खिलवायची ही आमच्या विभागाची जुनी रीत. हिवाळ्यात कुणाच्या तरी मळ्यात पंगत बसते. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, पेटवून तिच्यावर वांगी भाजायची, लाकडी बडगीत मिरची-लसणासोबत कुटायची, वर तेल. यंदा नानांनी आपण होऊन बोलावलं. मला वाटलं, झाडांसाठी बोलावलं. सरांच्या गाडीत मी मागे दाराला टेकून बसले होते. काच बंद, गाडीत मोगऱ्याचा नकली वास, पायाशी उरलेल्या पेढ्यांचा डबा. तरीही मी स्कार्फच्या आत उत्तरं घोळवत होते आणि खूश होते. मळ्यात उतरले ती सरळ विहिरीकडे गेले. तिथे झाडं नव्हती. तिथे सतरंज्या होत्या. शेणाने सारवलेली, सडा टाकलेली स्वच्छ जागा, पाहुण्यांसाठी लोड, आणि बांधाच्या पलीकडे माझ्या झाडांची खोडं तुकडे करून टाकलेली. त्यांतून चीक गळत होता आणि त्यावर चिलटं बसली होती. जाळीची गुंडाळी करून कुणीतरी ती चुलीजवळ बसायला घेतली होती.

'नाना, ती मन्हा प्रोजेक्टनी झाडे होतीत,' मी म्हणाले. माझा आवाज कसा निघाला ते मला माहीत नाही, पण नाना दचकले. नवा पांढरा सदरा घालून ते पाहुण्यांकडे निघाले होते. 'पिवळी पडेल ती?' ते म्हणाले. 'आज तू कॉलेजले गयी मंग उपटी टाकात. पाव्हना येतस, रोगट झाडेस्ना समोर कोणले बठाडतस का?' त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी माझी लाज राखली. आमच्या लोकांना घरातला आजारी माणूस एक वेळ पाहुण्यांपुढे चालतो, पण रोगट केळी चालत नाही. मग ते जवळ आले, हात लावायला पुढे केला, आठवलं म्हणून मागे घेतला. 'तू कसाले घाबरस? सरसले मी सांगी दिन्हं शे. तुले कोणी काही इचाराव नही. तू फक्त जेवी ले.' मी त्यांच्या भुवयांच्या मध्ये बघत राहिले. सदऱ्याला अत्तर लावलं होतं त्यांनी, माझ्यासाठी, मला सहन होत नाही ते अत्तर. प्रश्न विचारू नका असं सांगायला त्यांनी हे वांग्याचं जेवण घातलं होतं. मला रडू आलं नाही. मला किळस आली. त्या सदऱ्याची, सारवलेल्या जमिनीची, इतक्या सगळ्या प्रेमाची किळस आली, आणि ते मी इथे लपवत नाही.

आमचा सालदार डोंगरसिंग चुलीपाशी पानं पुसत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, 'नानानी सांगं, ताई. मी काय करू? पाने मातर वाया नही जाऊ दिनात, जेवाले तीच काढात.' मला आधी कळलंच नाही. मग पंगत बसली आणि कळलं. माझी झाडं तुकडे करून सगळ्यांच्या पुढ्यात मांडली होती. त्यांच्यावर भरीत पडत होतं, राखाडी, धाग्याधाग्याचं, आत बिया, वर तेलाचं तळं. लोक बोटांनी कालवत होते. भरीत खाताना एक आवाज होतो, जीभ टाळ्याला चिकटून सुटल्याचा, तो एकाच वेळी दहा तोंडांतून येत होता. नवनीत बोटं चाटत होता, आधी पुढून, मग मागून. सरांच्या मिशीत कांद्याच्या पातीचा तुकडा अडकला होता आणि तो बोलण्याबरोबर हलत होता. मॅडमना घाम आला होता, त्या 'काय तिखट, काय छान' म्हणत हाशहुश करत होत्या आणि नाकाच्या शेंड्यावरचा थेंब कोणत्याही क्षणी पानावर पडणार होता. मी बांधावर रुपाच्या शेजारी बसून माझी पोळी हातात धरली होती. घास जात नव्हता. 'झाडं गेली का गं?' रुपाने विचारलं. मी मान हलवली. ती आणखी काही बोलली नाही आणि जवळही सरकली नाही. त्या दिवसात माझ्याशी नीट वागलेली ती एकटीच.

जेवण उरकत आलं तसे सर ढेकर देऊन म्हणाले, 'भूमिका, इकडे ये. तुझं झालं बरं का. मॅडमनी मार्क लावून टाकलेत. सगळ्यांत जास्त!' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, खरकट्या हातांनी, त्यामुळे त्यांचा ओला आवाज झाला. नानांनी मॅडमपुढे हात जोडले. त्यांचे डोळे भरले होते. मी उठून मॅडमसमोर जाऊन उभी राहिले. 'मला प्रश्न नाही विचारले,' मी म्हणाले. 'अगं, गरजच नाही बेटा,' मॅडम म्हणाल्या, 'किती कष्ट घेतलेस तू, सर सांगत होते.' मी म्हटलं, 'नवनीतला विचारले. रुपाला विचारले.' कुणीतरी हसलं. नाना मागून दबक्या आवाजात म्हणाले, 'भूमी, बठ. व्हई गयं ना चांगलं.' खरंच होतं ते. चांगलंच झालं होतं. पास झाले होते, सुरतेचं स्थळ टळलं होतं, पुढच्या सत्राला मला कुणी अडवणार नव्हतं. आता फक्त तोंड उघडायचं आणि गिळायचं. सरांनी तेवढ्यात तो डबा काढलाच. 'सकाळचा माझ्या हातचा आवडला नाही हिला. मॅडम, तुम्ही भरवा.' मॅडमनी डावा हात पदराला पुसला, पेढा उचलला, आणि मान तिरकी करून, दोन वर्षांच्या पोरीला म्हणावं तशा म्हणाल्या, 'माझ्या हातचा खाशील ना? आ कर.'

पेढा माझ्या तोंडासमोर आला आणि त्याच्याकडे बघायचं नाही म्हणून मी खाली बघितलं. खाली मॅडमचं उष्टं पान होतं. चोथा केलेल्या मिरच्या, पुरीचा चावलेला काठ, आणि दांड्याच्या कडेला राहिलेल्या भरितातून एक निळं टोक बाहेर आलं होतं. माझ्या साताचं शेपूट. मी सात असाच काढते, खाली थोडा वळवून. मार्करची शाई तेलात पसरली होती. आणि तिच्या शेजारून काहीतरी फिकट पिवळं निघून भरिताखाली गेलं होतं. दुसऱ्याचं उष्टं, गार पडलेलं, तेलकट, बुळबुळीत. मी घरात आईचंही उष्टं भांडं उचलत नाही. मी गुडघ्यांवर बसले, स्कार्फ तोंडावरून खाली ओढला, म्हणजे मला स्पष्ट बोलता येईल, आणि उघडा हात मॅडमच्या पानात घातला. भरीत बोटांच्या मध्ये शिरलं. वांग्याचा धागा अंगठ्याच्या नखाखाली गेला. ओकारी घशापर्यंत आली, ती मी गिळली. त्या पंगतीत मी गिळलेली ती एकच गोष्ट. सगळं भरीत एका अंगाला सारलं, तळहाताने पान पुसलं, परत पुसलं. नाना ओरडले, 'भूमी!' मॅडम झटक्याने मागे सरकल्या, पेढा सतरंजीवर पडला आणि त्यांचा चेहरा पाहिला तर त्यावर दया अजिबात उरली नव्हती. स्वच्छ किळस होती. मला ओळखीची.

'शी! अगं, उष्टं आहे ते! हे काय आहे?' मॅडम म्हणाल्या.

'हरण्या, मॅडम,' मी म्हणाले. 'कुकुंबर मोझॅक व्हायरस. ही रेघ दांड्यापासून कडेपर्यंत जाते, इथे दोन ठिकाणी तुटते. झाड क्रमांक सात. ऑक्टोबरमध्ये याची पानं स्वच्छ होती. थंडी पडल्यावर हे पान पिवळं आलं.' मला कुठे बघावं कळत नव्हतं, म्हणून मी पानाकडेच बघत बोलत होते. सर 'असू द्या, असू द्या' म्हणत माझ्या खांद्याकडे हात आणत होते. मॅडमनी त्यांना हातानेच थांबवलं. पर्समधून चष्मा काढला. पानावर वाकल्या, आपल्याच उष्ट्यावर, आणि नाक मुरडून बराच वेळ रेघ बघितली.

'म्हणजे मधल्या काळात रोग गेला होता?'

'नाही. होता. दिसत नव्हता.'

मॅडमनी मान वर केली. चेहरा पुन्हा सकाळी दारात होता तसा झाला होता, कोरडा, थोडा कंटाळलेला. 'कशावरून?' त्यांनी विचारलं, नवनीतला विचारलं होतं त्याच आवाजात. 'नव्याने लागण झाली नसेल कशावरून? मावा परत आला नसेल?'

माझ्या हातावरून तेल कोपरापर्यंत ओघळत होतं. कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढे केला होता, बहुतेक नानांनी, कारण अत्तराचा वास आला. नंतर धुईन म्हटलं, आणि मी जाळीपासून सांगायला सुरुवात केली.